चौथ्या टेबलाचा व्हॉल्व्ह

१

मंगळवारी सकाळी आठ वाजता काचेच्या वर्कशॉपमध्ये भडका उडाला. साडेनऊला मी तिथे पोचले, तेव्हा प्रत्येकाने आपापला गुन्हेगार ठरवून ठेवला होता.

मी कारखान्यांच्या सुरक्षेची निरीक्षक आहे. कुठे काही जळलं, कोसळलं, कुणाचं बोट गेलं की मला फोन येतो. आठ दिवसांत कारण शोधायचं आणि फॉर्म भरायचा. फॉर्मवर कारणासाठी तीन चौकोन असतात: यंत्राचा बिघाड, माणसाचा निष्काळजीपणा आणि घातपात. एकात फुली मारली की माझं काम संपतं आणि पोलिसांचं सुरू होतं. बावीस वर्षांत चौथा चौकोन हवा असं मला कधी वाटलं नव्हतं.

वर्कशॉप म्हणजे एक लांबट खोली. प्रयोगशाळांना लागणारे चंबू, वळणदार नळ्या, नाजूक कांड्या इथे हाताने फुंकून बनवतात. सहा टेबलं, प्रत्येकावर एक बर्नर, बर्नरच्या डाव्या हाताला गॅसचा छोटा व्हॉल्व्ह. कोपऱ्यात विजेची भट्टी, ती टायमरवर आठला आपोआप चालू होते. खिडक्या बंदच असतात, कारण वाऱ्याच्या झुळकीने गरम काच तडकते. माझ्या बुटांखाली काच करकरत होती. काजळीचा सगळ्यात काळा डाग चौथ्या टेबलामागच्या भिंतीवर होता.

"ते टेबल कुणाचं?" मी विचारलं.

"चिमणीचं," मालकीणबाई म्हणाल्या. "तिनं स्वतःच्या हातानं केलेली पहिली वस्तू म्हणजे कंदिलाची चिमणी. तेव्हापासून हेच नाव पडलं. हातावर भाजलंय पोरीला. उजव्या." आणि मग माझ्या कानाशी येऊन, "गेल्याच आठवड्यात मी मोठी ऑर्डर मास्तरांकडून काढून तिला दिली होती. अठरा वर्षं मास्तर माझ्याकडे आहेत. एक शब्द बोलले नाहीत. साधं तोंडसुद्धा वाकडं केलं नाही. मला तेव्हाच कसंतरी वाटलं होतं."

"ऑर्डर काढून का घेतलीत?"

"माल बिघडवत होते. नळ्या वाकड्या. असं कधी झालं नव्हतं."

मी अग्निशमनवाल्यांच्या प्रमुखाला गाठलं. "कुठला व्हॉल्व्ह उघडा सापडला?"

त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "तीच तर गंमत आहे मॅडम. सहाच्या सहा घट्ट बंद. पाइपला चीर नाही, गळती नाही. मग खोलीभर गॅस भरला कुठून?"

२

मास्तर अंगणातल्या बाकावर बसले होते. साठीच्या आतले, शिडशिडीत, भुवया करपलेल्या. बाकी अंगावर ओरखडासुद्धा नाही. ते आणि चिमणी एकाच खोलीत होते, आणि भाजली ती एकटी.

"रोज काय करता ते सांगा," मी म्हणाले.

ते बोलू लागले. आवाज इतका बारीक, की मला बाकावर त्यांच्याकडे सरकावं लागलं. संध्याकाळी सगळे निघाले की ते सहाही व्हॉल्व्ह तपासतात, मग अंगणातलं गॅसचं मेन बंद करतात, रजिस्टरमध्ये सही करतात. सकाळी साडेसातला तेच मेन उघडतात आणि आत दाराजवळच्या खुर्चीत बसून दिवसाच्या कामाची यादी लिहितात. आजही तसंच.

"म्हणजे साडेसातपासून आठपर्यंत तुम्ही खोलीत होता."

"होतो."

"आणि वास?"

"नाही आला."

"अजिबात?"

"नाही."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. खोटं बोलणारा माणूस काहीतरी करतो: डोळे चुकवतो, ओठ चाटतो, हात चोळतो. ह्या माणसाचा चेहरा म्हणजे धुऊन ठेवलेली पाटी. डोळ्याची पापणीसुद्धा लवत नव्हती. डावा हात मांडीवर ठेवलेला, तो अर्धा तास तिथेच होता.

"चिमणीला लागलं त्याचं काय वाटतं तुम्हाला?"

"वाईट वाटतं," ते म्हणाले. वेळापत्रक वाचून दाखवावं तसं.

खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांची भीती वाटली.

बाहेर पडून मी गल्लीपलीकडच्या शिवणकामाच्या दुकानात गेले. शिंपीणबाई मशीनवरून मान वर न करता म्हणाल्या, "वास? पावणेआठलाच आला की! मी म्हटलं गटार तुंबलं. खिडकी लावून घेतली. डोकं उठलं होतं वासानं."

गॅसला मुद्दाम घाणेरडा वास घातलेला असतो, तो माणसाला कळावा म्हणूनच. रस्ता ओलांडून पलीकडे ज्या वासाने डोकं उठलं, तो वास त्याच खोलीत बसलेल्या माणसाला आला नव्हता म्हणे.

३

इस्पितळात चिमणीची आई दारातच उभी होती, पहाऱ्यावर असल्यासारखी.

"मास्तर येऊन गेला," ती म्हणाली. "माझी मुलगी वेदनेनं तळमळत होती, आणि हा पायथ्याशी खांबासारखा उभा. डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. माणूस आहे की दगड? त्यानंच केलंय बाई, लिहून घ्या."

चिमणी पंचविशीची. उजवा हात कोपरापर्यंत पट्टीत. काचेच्या कामात दोन्ही हातांनी नळी एकसारखी फिरवत राहावी लागते. एक हात अडला की धंदा संपला. हे तिला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं, म्हणून मी त्याबद्दल काही बोलले नाही.

"आत शिरलीस तेव्हा वास आला?"

"आठवत नाही."

"मास्तर कुठे होते?"

"आठवत नाही, मॅडम. मला काहीच आठवत नाही."

तिने भिंतीकडे तोंड केलं. आघाताने आठवण जाते, हे खरं आहे. पण आठवण गेलेला माणूस आठवायचा प्रयत्न तरी करतो. ही प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देत होती.

निघताना मी ड्रेसिंग करणाऱ्या नर्सला गाठलं. "हात नक्की कुठे भाजलाय?"

"मागची बाजू. बोटांची टोकं आणि तळवा कोरा आहे. नशीब म्हणायचं."

मी जिन्यातच थांबले. उघडा हात आगीत गेला तर सगळीकडून भाजतो. तळवा कोरा राहतो तो मूठ आवळलेली असली तरच. भडका उडाला तेव्हा पोरीच्या मुठीत काहीतरी घट्ट धरलेलं होतं.

सहा व्हॉल्व्ह बंद कसे सापडले, ते मला तेव्हा कळलं. एक व्हॉल्व्ह उघडा होता, आणि तो तिने जळत्या हाताने बंद केला होता.

मी परत वर गेले आणि तसं सांगितलं. ती म्हणाली, "मी तसं काही म्हटलेलं नाही. तुम्ही लिहिलंत तर मी सही करणार नाही."

कुणाला वाचवत होती ती? आणि का?

४

रजिस्टरमधली सोमवारची ओळ: 'सर्व व्हॉल्व्ह बंद.' खाली सही. बारकी, किडकी, मुंगीच्या पायांसारखी.

मालकीणबाईंनी मास्तरांच्या नेमणुकीचा जुना कागद काढून दिला. त्यावरची सही ऐसपैस, शेवटच्या अक्षराला झोकदार शेपटी. दोन्ही कागद मी हस्ताक्षरं तपासणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांकडे नेले. भिंगातून त्यांनी पाच मिनिटं पाहिलं.

"सावकाश काढलेली आहे. मध्येमध्ये थांबत. स्वतःची सही माणूस अशी करत नाही. ही दुसऱ्याची नक्कल वाटते."

म्हणजे सोमवारी संध्याकाळी मास्तरांऐवजी भलत्याच कुणीतरी सही केली होती तर! आणि मास्तरांच्या जागी सही करील असा वर्कशॉपमध्ये कोण, तर लंबू.

लंबू म्हणजे मास्तरांचा मदतनीस. बारा वर्षं हाताखाली आहे. मास्तर गेले तर त्यांची खुर्ची त्याचीच. मी त्याला विचारलं, "सोमवारी संध्याकाळी कुठे होतास?"

"दाताच्या डॉक्टरकडे. चार वाजताच निघालो."

"कुठल्या?"

त्याने नाव सांगितलं. मी फोन लावला. तो डॉक्टर पंधरा दिवस गावी गेला होता.

"आता?" मी म्हणाले.

लंबूचा चेहरा उतरला आणि तो भट्टी पुसायला वळला. आणि त्यातच शिंपीणबाईंनी मला खिडकीतून हाक मारली. "तुम्ही त्या उंच माणसाबद्दल विचारत होतात ना? रोज संध्याकाळी मास्तर गेले की हा परत येतो. डबा विसरला म्हणून. कुलूप उघडून आत जातो, दोन मिनिटांत बाहेर. महिनोन्महिने चाललंय. रोज कोण डबा विसरतं हो?"

रोज, सगळे गेल्यावर, गुपचूप, त्या सहा व्हॉल्व्हच्या खोलीत.

मी घातपाताच्या चौकोनाकडे पेन्सिल नेली. पण एक गोष्ट आडवी येत होती. तो रोज जायचा. सोमवारी मात्र गेला नव्हता, शिंपीणबाई शपथेवर सांगायला तयार होत्या. आणि भडका उडाला तो मंगळवारी.

५

गुरुवारी मी मास्तरांच्या घरी गेले. दार त्यांच्या पत्नीने उघडलं. त्या ग्रंथालयात काम करतात. नीटनेटक्या, हळू बोलणाऱ्या. डाव्या डोळ्याखाली पिवळसर पडत चाललेला काळानिळा डाग.

"कपाटाचं दार लागलं," मी विचारायच्या आतच त्या म्हणाल्या.

जिना चढताना वरच्या मजल्यावरच्या आजींनी मला अडवून जे सांगितलं होतं, ते माझ्या कानात घुमत होतं. "दिवसा देवमाणूस, आणि रात्री? 'मारून टाकीन, सोड!' अशा आरोळ्या. आपटाआपटी. बिचारी सोसते."

मास्तर स्वयंपाकघरात टेबलाशी बसले होते, शेगडीकडे पाठ करून. मला पाहून उठले. उठायला दोन झोके घ्यावे लागले. दाराशी येताना उजवा हात हलत होता, डावा अंगाला चिकटलेला. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, बाहेर वाळलेले कपडे काढायला गेल्या आणि मी प्रश्न सुरू केले. तीन-चार प्रश्न झाले असतील, तेवढ्यात करपलेल्या दुधाचा वास आला. मग धूर. मी वाट पाहिली. मास्तर शेगडीपासून दोन हातांवर बसून माझ्या प्रश्नाचं उत्तर देत होते, अगदी शांतपणे. वहिनी धावत आत आल्या, गॅस बंद केला, आणि वैतागून म्हणाल्या, "अहो, नाकासमोर जळतंय!"

ते वळले. "अरे. कळलंच नाही."

माझ्या मनात त्या घडीला काहीतरी सरकून जागेवर बसलं. हा माणूस खोटं बोलत नव्हता. त्याला वास येतच नव्हता.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"कशाला?"

"वास जाऊन."

ते विचारात पडले. "जेवणाला चव नाही, असं मीच हिला म्हणायचो. हिचा हात बिघडला म्हणून भांडायचो. तीन वर्षं... चार असतील."

मी वहिनींना गॅलरीत घेऊन गेले. दार लोटलं. "वहिनी, मी पोलीस नाही. पण कपाटाचं दार असं लागत नाही."

त्यांनी कठड्यावर दोन्ही हात ठेवले. "जागेपणी ह्यांनी माझ्यावर हात उचललेला नाही. लिहून घ्या हवं तर."

"जागेपणी?"

"सात वर्षं झाली. आधी नुसतं बडबडायचे झोपेत. मग हातपाय चालायला लागले. एकदा स्वप्नात कुत्रा मागे लागला, त्याला घातलेली लाथ माझ्या नडगीवर. ह्या वेळी म्हणे कुणीतरी मला ओढून नेत होतं. हे मला सोडवत होते." त्या हसल्या, आणि हसता हसता डोळे पुसले. "सोडवता सोडवता ठोसा मलाच बसला. दिवा लावला तर आधी ओळखेनात, मग घाबरून रडायलाच लागले. मी सांगू कुणाला? कोण विश्वास ठेवणार? मधे उशा लावते आणि झोपते."

"डॉक्टरला दाखवलंत?"

"स्वप्नांना काय दाखवायचं?"

६

त्या दुपारी मी ऑफिसात रजिस्टर पुन्हा उघडलं. आधी मी फक्त शेवटची सही पाहिली होती. आता मागे जाऊ लागले. सहा महिन्यांपूर्वीची सही जरा मोठी. वर्षापूर्वीची आणखी मोठी. दोन वर्षांपूर्वी शेपटी होती, आखूड. चार वर्षांपूर्वी ती जुन्या कागदासारखीच झोकदार.

नक्कल करणारा माणूस चार वर्षं रोज सुईच्या टोकाएवढी नक्कल लहान करत बसत नाही. सही एकाच माणसाची होती. ती रोज लहान होत गेली होती, आणि रोज पाहणाऱ्या कुणाला दिसली नव्हती. मी आणि त्या भिंगवाल्या गृहस्थांनी मधलं काही न बघता फक्त दोन टोकं बघितली आणि फसलो.

मग मी एका कागदावर सगळं लिहिलं. सही लहान. आवाज लहान. डाव्या हाताचा झोका नाहीसा. चेहऱ्यावरच्या हालचाली गेल्या. वास गेला. स्वप्नात हातपाय चालतात. कागद घेऊन शाळेपासूनच्या मैत्रिणीकडे गेले. ती मेंदूच्या आजारांची डॉक्टर आहे.

तिने कागद दोनदा वाचला. "ह्याचे हात थरथरतात?"

"नाही."

"म्हणूनच कुणाला कळलं नाही. आपण ह्याला कंपवात म्हणतो. नावातच कंप आहे, म्हणून लोक कंपाची वाट बघत बसतात. बऱ्याच जणांना तो सुरुवातीला नसतोच."

"आणि झोप?"

"स्वप्न पडत असताना मेंदू हातापायांना कुलूप घालून ठेवतो, म्हणून आपण स्वप्नात धावलो तरी पलंगावरच असतो. काहींचं ते कुलूप निकामी होतं. अशा प्रत्येकाला पुढे आजार होईलच असं नाही. पण बऱ्याच जणांना होतो, कधी कधी दहा-पंधरा वर्षांनी. वासाचंही तसंच, नुसत्या सर्दीनेही वास जातो. एकेका गोष्टीवरून काही ठरत नाही ग. पण सगळ्या एकाच माणसात भेटल्या, तर मी त्याला उद्याच तपासायला बोलावीन. कागदावरून निदान करणार नाही."

"एक सांग. असा माणूस व्हॉल्व्ह फिरवतो, तेव्हा काय होतं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "हालचाल आखडते. पण त्याला स्वतःला कळत नाही. त्याच्या मते त्याने पूर्ण फिरवलेला असतो."

७

शुक्रवारी सकाळी मी सगळ्यांना वर्कशॉपमध्ये बोलावलं. मेनला मी स्वतः कुलूप घातलं होतं. मालकीणबाई, लंबू, वहिनी, चिमणीची आई. मास्तर टेबलांपाशी.

"मास्तर, संध्याकाळचा फेरा मारून दाखवा. नेहमीसारखा."

त्यांनी उजव्या हातात रजिस्टर घेतलं आणि डाव्या हाताने पहिला व्हॉल्व्ह फिरवला. बंद. दुसरा. तिसरा. चौथ्याशी मनगट वळलं, जेमतेम अर्धा फेरा, आणि थांबलं. "बंद," ते म्हणाले, आणि पुढे गेले. पाचवा बंद. सहावाही अर्धाच. "बंद."

मी सगळ्यांसमोर चौथ्याचं चाक धरलं आणि घट्ट होईपर्यंत फिरवलं. अर्धा फेरा अजून बाकी होता.

मास्तर माझ्या हाताकडे बघत राहिले. चेहरा तसाच, पाटीसारखा.

"मी पूर्ण फिरवला होता," ते म्हणाले.

"तुम्हाला तसं वाटलं होतं. आता ह्या कागदावर लिहा: आज सर्व व्हॉल्व्ह बंद केले. पाच वेळा."

त्यांनी लिहिलं. पहिली ओळ बारीक. पाचवी वाचायला मला चष्मा काढून पुसावा लागला. "काय फरक दिसतो?" मी विचारलं.

"काही नाही. नेहमीसारखंच आहे की."

मागे कुणीतरी हुंदका दिला. लंबू. सहा फुटांचा माणूस स्टुलावर बसून तोंड झाकून घेत होता.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "आठ महिने. एकदा खरोखरच डबा विसरलो म्हणून परत आलो, तर दोन व्हॉल्व्ह अर्धवट. तेव्हापासून रोज येऊन मीच आवळायचो. मालकीणबाईंना सांगितलं असतं तर ह्यांना घरी बसवलं असतं. ह्यांनी मला हातात नळी धरायला शिकवलं, मॅडम. सोमवारी मी दुसऱ्या वर्कशॉपमध्ये मुलाखतीला गेलो होतो. म्हणून खोटं बोललो. एकच दिवस आलो नाही. एकच."

"आणि मालकीणबाई," मी म्हणाले, "तुम्ही ऑर्डर काढून घेतलीत तेव्हा हे का बोलले नाहीत, त्याची तुम्हाला भीती वाटली. त्यांना वाईट वाटलं होतं. फक्त ते चेहऱ्यावर उमटत नाही आता. इस्पितळातही तसंच." हे मी चिमणीच्या आईकडे बघून म्हणाले. तिने मान खाली घातली.

मग मी मंगळवारची सकाळ सांगितली. चौथा व्हॉल्व्ह अर्धा उघडा राहिलेला. साडेसातला मास्तरांनी मेन उघडलं, गॅस सुटला, ते अर्धा तास त्यातच यादी लिहीत बसले. आठला दोन मिनिटं कमी असताना चिमणीने दार उघडलं. वास तोंडावर आला. आत मास्तर बसलेले. ती ओरडली, त्यांना दाराबाहेर ढकललं, आणि परत आत जाऊन व्हॉल्व्ह आवळला. ढकलल्याचं मास्तरांनी मला विचारल्यावर लगेच सांगितलं; मंगळवारी मी ते विचारलंच नव्हतं. मूठ चाकावर असतानाच भट्टीचा टायमर वाजला आणि ठिणगी पडली.

"तिला आठवत नाही म्हणते," आई पुटपुटली.

"तिला सगळं आठवतं. वास किती होता हे तिने सांगितलं असतं, तर पहिला प्रश्न आला असता: मग मास्तर आत बसले कसे?"

मास्तरांनीच विचारलं, इतक्या बारीक आवाजात की सगळ्यांनाच पुढे वाकावं लागलं.

"म्हणजे माझ्यामुळेच झालं?"

खोटं बोलणं सोपं होतं. "व्हॉल्व्ह तुमच्याकडून राहिला," मी म्हणाले. "पण वहिनींना रात्रीचं ठाऊक होतं, लंबूला संध्याकाळचं, बाईंना बिघडलेल्या मालाचं. प्रत्येकाने तुमच्या मायेपोटी किंवा संकोचापोटी आपापला तुकडा लपवला. दोघांनी जरी एकमेकांना सांगितला असता, तरी तुम्ही काही महिन्यांपूर्वीच डॉक्टरांपुढे असता."

वहिनी उठल्या आणि लंबूशेजारी जाऊन बसल्या. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला की त्याने त्यांच्या, ते मला नीट दिसलं नाही.

८

माझ्या मैत्रिणीने मास्तरांना दोनदा तपासलं, चालवून पाहिलं, बोटं आपटायला लावली, वासाच्या बाटल्या हुंगवल्या, एक रात्र झोपेचं यंत्र लावून ठेवलं. निदान तेच निघालं. हा आजार बरा होत नाही, पण औषधाने आणि व्यायामाने बरीच वर्षं नीट काढता येतात, असं तिने दोघांना बसवून सांगितलं. वहिनींची खाट वेगळी झाली. झोपेसाठी वेगळी गोळी मिळाली.

फॉर्मवर मी तिन्ही चौकोन कोरे ठेवले आणि जोडपत्र लावलं, चार पानांचं. साहेबांनी विचारलं, हे काय. मी म्हटलं, वाचा. त्यांनी वाचलं, आणि संध्याकाळी मला केबिनमध्ये बोलावून दार लावलं. त्यांचे वडील गेलं वर्षभर पाय घासत चालत होते म्हणे. मी मैत्रिणीचा नंबर दिला.

सात महिन्यांनी फेरतपासणीसाठी वर्कशॉपला गेले. गॅसचा वास ओळखणारं यंत्र भिंतीवर बसलं होतं, बंद करायची जबाबदारी दोघांकडे दिलेली होती, खाली दोघांच्या सह्या. लंबूने दुसरीकडची नोकरी नाकारली होती.

चौथ्या टेबलाशी चिमणी आणि मास्तर एकाच बाकावर बसले होते. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं अजून पुरती वळत नव्हती. त्यांचा डावा हात रेंगाळायचा. नळीचं डावं टोक तिच्या डाव्या हातात, उजवं टोक त्यांच्या उजव्या हातात, मधे ज्योत. दोन माणसांनी मिळून एक नळी फिरवायची, आणि ती जराही पिळता कामा नये. असं काम मी आधी कुठे पाहिलेलं नाही.

"मास्तर, मोठं फिरवा," चिमणी म्हणत होती. "व्यायामवाल्या बाईंनी काय सांगितलंय? वाटतं त्याच्या दुप्पट."

"दुप्पटच फिरवतोय."

"ऐकू आलं नाही."

"दुप्पटच फिरवतोय!" मास्तर ओरडले.

काच लाल झाली, मऊ पडली, आणि मधोमध पिळून वेडीवाकडी लोंबली. चिमणीने जीभ चावली. मास्तरांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही, पण त्यांचे खांदे हलायला लागले, आणि ते हसतायत हे कळायला मला थोडा वेळ लागला. तिने तो गोळा बाजूला टाकला आणि रॅकवरून नवी नळी काढली.

"हं. धरा," ती म्हणाली.